केराटोकोनसचा इतिहास: आकडा वाचण्याआधी त्यामागचं यंत्र बघा

आज एका आजाराचा इतिहास सांगणार आहे. आजार डोळ्याचा, नाव केराटोकोनस. तुमच्यापैकी बहुतेकांचा विषय नेत्रविज्ञान नसणार. माझाही नाही. माझी एम.एस्सी. भौतिकशास्त्रातली आहे आणि पीएच.डी.चं काम प्रकाशाच्या मोजमापाशी जोडलेलं आहे. तरी हा विषय घेतला, त्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे, पेट परीक्षा झाली, कोर्सवर्क सुरू झालं की आपण पेपर वाचायला लागतो आणि त्यातले आकडे भराभर वहीत उतरवतो. तो आकडा कुठून आला, हे विचारायची सवय लावून घ्यायला या आजाराइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. दुसरं कारण सरळ आहे. हा आजार सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना गाठतो, आपल्याकडे उशिरा कळतो, आणि आता तो थांबवता येत असल्यामुळे हा उशीर महाग पडतो.

आठ गावं, तीन आकडे

नागपूरपासून साधारण ४० किलोमीटरवर, सातपुड्याच्या पायथ्याच्या आठ गावांत डोळ्यांची एक मोठी पाहणी झाली. तिचं नाव ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे डॉ. योस्ट योनास ही त्यामागची प्रमुख नावं. ३० वर्षं आणि त्यापुढच्या वयाचे ५,८८५ लोक पाहणीसाठी पात्र होते, त्यातले ४,७११ आले. म्हणजे ८०.१ टक्के. प्रश्नावली घेऊन जो कधी दारोदार फिरला असेल त्याला या टक्केवारीमागचे कष्ट लगेच कळतील.

या पाहणीतला केराटोकोनसवरचा लेख २००९ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी’मध्ये आला. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, वक्रता मोजली होती. ती डायॉप्टर या एककात सांगतात. वक्रता ४८ डायॉप्टर किंवा जास्त म्हणजे केराटोकोनस, अशी व्याख्या धरली तर प्रमाण आलं २.३ टक्के. व्याख्या ४९ डायॉप्टरला नेली तर ०.६ टक्के. ५० ला नेली तर ०.१ टक्के.

हजार माणसांच्या हिशेबात मांडलं तर २३, ६ आणि १. तीच माणसं, तेच डोळे, तेच यंत्र. बदलली ती फक्त आखलेली रेघ.

ही रेघ किती बारीक आहे तेही बघून घ्या. केराटोमीटर नावाचं यंत्र प्रत्यक्षात वक्रतेची त्रिज्या मोजतं आणि मग ३३७.५ ला त्या मिलिमीटरमधल्या त्रिज्येने भागून डायॉप्टर सांगतं. त्रिज्या ७.८ मि.मी. असेल तर सुमारे ४३ डायॉप्टर येतात, सामान्य डोळा साधारण इथेच असतो. ४८ डायॉप्टरला त्रिज्या होते ७.०३ मि.मी. आणि ४९ ला ६.८९. दोन्हींतला फरक मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा. तेवढ्यावर हजारातले १७ लोक ‘रुग्ण’ या रकान्यातून ‘निरोगी’ रकान्यात जातात.

लेखकांनी काही लपवलेलं नाही, तिन्ही आकडे लेखात उघड दिलेत. गडबड पुढे होते. जगभरच्या आढावा-लेखांत भारताच्या नावापुढे येतो तो २.३ टक्के हा एकच आकडा, आणि व्याख्या पुष्कळदा मागे राहते. आता या रेघेचा इतिहास बघू. त्यासाठी आधी आजार समजून घ्यावा लागेल.

आजार आहे तरी काय

घड्याळाच्या तबकडीवर जशी काच असते तसा बुबुळावर कॉर्निया असतो. मराठी पुस्तकांत त्याला पारपटल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५४० मायक्रॉनच्या आसपास. डोळ्यात येणारा प्रकाश एका जागी आणण्याचं साधारण दोन-तृतीयांश काम हा पडदाच करतो. त्यामुळे त्याचा आकार बिघडला की नजर बिघडते.

केराटोकोनसमध्ये हा पडदा हळूहळू पातळ होतो आणि पुढे फुगतो. गोल घुमटाचा शंकू व्हायला लागतो. ग्रीक भाषेत ‘केरास’ म्हणजे शिंग आणि ‘कोनोस’ म्हणजे शंकू, त्यावरून हे नाव. सुरुवात बहुधा किशोरवयात होते, पुढची दहा-वीस वर्षं तो वाढतो आणि तिशी-चाळिशीत बहुतेकांचा थांबतो. दोन्ही डोळ्यांत असतो, पण एकात जास्त. साध्या सिलिंडर नंबरमध्ये पडद्याचा वाकडेपणा नियमित असतो, म्हणून चष्म्याने तो भरून निघतो. इथे वाकडेपणा अनियमित असतो. त्यामुळे चष्मा बदलला, पुन्हा बदलला, तरी अक्षरांना सावली राहते. रात्री रस्त्यावरच्या एका दिव्याचे तीन-चार दिवे दिसतात.

नेमक्या कारणाबद्दल अजून एकमत नाही. काही कुटुंबांत तो एकापेक्षा जास्त जणांना असतो, म्हणजे अनुवंशाचा भाग आहे. ॲलर्जी आणि सतत डोळे चोळण्याशी त्याचा संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. चोळण्यामुळे आजार होतो, की आधीच खाजणारा डोळा माणूस जास्त चोळतो, यावर वाद आहे. सहसंबंध आणि कारण यांतला फरक शिकवायला हेही उदाहरण चांगलं आहे. डॉक्टर मात्र वाद मिटायची वाट न बघता सांगतात की डोळे चोळू नका.

नुसत्या डोळ्याने दिसणारा शंकू

१७४८ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचे प्राध्यापक बुर्खार्ट माउखार्ट यांच्या नावावर असलेल्या एका प्रबंधात या आजाराचं सुरुवातीचं वर्णन मिळतं. त्यांनी नाव दिलं ‘स्टॅफिलोमा डायफॅनम’, म्हणजे पारदर्शक फुगवटा. तुम्ही प्रबंध लिहिण्याच्या वाटेवर आहात म्हणून मुद्दाम सांगते की या आजाराच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत एक प्रबंध आहे. लिव्हरपूलचे डॉक्टर जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. एका वस्तूच्या अनेक प्रतिमा दिसणं, पडदा कमजोर असणं, योग्य भिंग न मिळणं, ही लक्षणं त्यात आहेत. आजचा रुग्ण चष्म्याच्या दुकानात जी तक्रार सांगतो ती त्या पुस्तकातल्या तक्रारीपेक्षा फार वेगळी नाही.

तेव्हा निदान व्हायचं ते बाजूने बघून. शंकू नुसत्या डोळ्याला दिसला पाहिजे, म्हणजे आजार पुष्कळ पुढे गेलेला असला पाहिजे. त्या काळात कोणी पाहणी केली असती तर हा आजार अतिशय दुर्मीळ ठरला असता.

पहिला बदल १८५१ मध्ये झाला. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप बनवला, म्हणजे आरशाने डोळ्यात उजेड टाकून आत बघायचं साधन. १८५९ मध्ये लंडनच्या विल्यम बोमन यांनी दाखवलं की आरसा जरा तिरपा धरला तर शंकूची सावली दिसते आणि कमी फुगलेला पडदाही ओळखता येतो. बाजूने बघून जे सुटायचं ते आता सापडायला लागलं. म्हणजे आजाराची रेघ एक पायरी अलीकडे सरकली.

ओळखल्यावर करायचं काय, हा प्रश्न होताच. बोमन बारीक आकड्याने आतलं बुबुळ ओढून बाहुली मांजरासारखी उभी चीर करायचे, म्हणजे शंकूचा वाईट भाग टाळून प्रकाश आत जाईल. बर्लिनच्या फॉन ग्रेफ यांची पद्धत सिल्व्हर नायट्रेटने पडदा डागायचा आणि डोळा घट्ट बांधायचा अशी होती. स्वित्झर्लंडच्या योहान होर्नर यांनी १८६९ मध्ये केराटोकोनसच्या उपचारावर प्रबंध लिहिला, तो याच सुमाराचा. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या माणसांपुढे आंधळेपणाकडे निघालेले तरुण बसलेले होते.

कड्यांचं आरशातलं रूप

१८८० मध्ये पोर्तुगालच्या अँटोनिओ प्लासिदो यांनी अगदी साधं साधन वापरलं. एका चकतीवर काळ्या-पांढऱ्या कड्या, एकात एक. चकती डोळ्यासमोर धरायची आणि कॉर्नियावर उमटलेलं कड्यांचं प्रतिबिंब मधल्या भोकातून बघायचं. पडदा चांगला असेल तर कड्या गोल, बिघडला असेल तर पिळवटलेल्या. पाण्याच्या टाकीत झाडाचं प्रतिबिंब डगमगलं की पाणी हललंय हे कळतं, तसंच हे. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये जाव्हाल आणि शिऑट्झ यांचा ऑफ्थॅल्मोमीटर आला. आज ज्याला आपण केराटोमीटर म्हणतो ते त्याच घराण्यातलं. त्याने वक्रतेला आकडा मिळाला.

आकडा मिळणं आणि आकार कळणं यांत फरक आहे, तो इथे नीट बघा. केराटोमीटर कॉर्नियाच्या मधल्या सुमारे ३ मि.मी. भागापुरतं मोजतं. केराटोकोनसचा शंकू पुष्कळदा मध्यापेक्षा खाली असतो. म्हणजे आकडा ठीक आला तरी शंकू असू शकतो. उलटही होतं. काही माणसांचा डोळा मुळातच लहान असतो आणि त्यांचा कॉर्निया जास्त वक्र असतो. आकडा ४८ येतो, पण आजार नसतो. नागपूरचे तीन आकडे वाचताना ही दोन्ही टोकं डोक्यात ठेवा. एका बाजूने काही खरे रुग्ण सुटले असतील, दुसऱ्या बाजूने काही निरोगी माणसं आत आली असतील.

स्वित्झर्लंडच्या मार्क अम्सलर यांनी प्लासिदोच्या कड्यांचे फोटो घ्यायला आणि तेच रुग्ण वर्षानुवर्षं तपासायला सुरुवात केली. १९३८ मध्ये त्यांनी ‘केराटोकोन फ्रुस्त’ असा शब्द वापरला, म्हणजे अर्धवट, पूर्ण रूपाला न आलेला केराटोकोनस. रुग्णाला काही त्रास नाही, चष्म्याने नीट दिसतं, पण कड्या किंचित तिरक्या. ही कल्पना फार दूरची होती. पण अम्सलर यांच्या हातात तो आजार थांबवण्याचं काहीच नव्हतं. लवकर ओळखता येत होतं, त्याचा रुग्णाला उपयोग नव्हता.

काच, प्लास्टिक आणि दान केलेला डोळा

मधल्या काळात उपचार दोन वाटांनी पुढे गेले. पहिली वाट भिंगाची. १८८८ च्या सुमारास झुरिकमध्ये अडोल्फ फिक आणि पॅरिसमध्ये यूजीन काल्ट यांनी काचेची भिंगं थेट डोळ्यावर बसवली. काल्ट यांचे प्रयोग केराटोकोनससाठीच होते. म्हणजे फॅशन म्हणून दिसणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सच्या इतिहासाच्या मुळाशी हा आजार आहे. १९४८ मध्ये केव्हिन टूही यांनी फक्त कॉर्नियावर बसेल अशी लहान प्लास्टिक लेन्स आणली. मग ऑक्सिजन आत जाऊ देणाऱ्या कडक लेन्स आल्या आणि पुढे पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या मोठ्या स्क्लेरल लेन्स. तत्त्व एकच. कडक लेन्स आणि वाकडा पडदा यांच्यामधली फट अश्रूंनी भरते आणि प्रकाशाला नवा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. नजर झटकन सुधारते. आजार मात्र आतून वाढत राहू शकतो.

दुसरी वाट प्रत्यारोपणाची. ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउच या गावी, आजच्या चेक प्रजासत्ताकात, एडुआर्ड झिर्म यांनी कॉर्नियाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण केराटोकोनसचा नव्हता, चुन्याने डोळे भाजलेला कामगार होता. केराटोकोनससाठी न्यूयॉर्कमध्ये रामोन कास्त्रोव्हिएहो यांनी १९३६ मध्ये हे केलं. आपण नेत्रदान म्हणतो त्यातला मुख्य भाग हा पडदाच असतो. मात्र प्रत्यारोपण हा शेवटचा टप्पा. टाके, शरीराने परका पडदा नाकारण्याची भीती, वर्षानुवर्षं तपासण्या, आणि त्यासाठी कोणाचा तरी मृत्यू आणि त्याच्या घरच्यांचा होकार लागतो. विशीतल्या मुलाला त्या टप्प्यापर्यंत जाऊच न देणं केव्हाही चांगलं.

संगणक आणि एक नवी भीती

१९८४ मध्ये अमेरिकेत स्टीफन क्लाइस यांनी प्लासिदोच्या कड्यांचं विश्लेषण संगणकाकडे सोपवलं. कॉर्नियाचा रंगीत नकाशा मिळायला लागला. सपाट भाग निळा, जास्त वक्र भाग लाल. यालाच टोपोग्राफी म्हणतात. पुढे शाइमफ्लुग तत्त्वावरचे कॅमेरे आले. तेओडोर शाइमफ्लुग हे ऑस्ट्रियाच्या सैन्यातले अधिकारी, त्यांचं काम होतं हवाई छायाचित्रांतला तिरपेपणा काढायचं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. तेच तत्त्व कॉर्नियाची मागची बाजू आणि जागोजागची जाडी मोजायला लागू पडलं. हा पूर्ण नकाशा म्हणजे टोमोग्राफी. पुढच्या बाजूला काही दिसायच्या आधीच मागच्या बाजूला बदल सापडायला लागले.

याच सुमारास चष्मा घालवण्याच्या लेसर शस्त्रक्रिया, म्हणजे लेसिक, जोरात आल्या. १९९८ मध्ये टेओ सायलर आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं की लेसिकनंतर काही रुग्णांचा पडदा केराटोकोनससारखा फुगला. आता अम्सलर यांच्या त्या ‘अर्धवट’ रूपाला एकदम किंमत आली. ज्याच्या डोळ्यात ते दडलेलं आहे त्याच्यावर लेसर चालवायचा नाही, म्हणून शस्त्रक्रियेआधी प्रत्येकाचा नकाशा काढणं सुरू झालं. चष्मा घालवायला आलेल्या कित्येकांना आपल्याला केराटोकोनस आहे हे तिथे पहिल्यांदा कळतं.

२००३

मग जर्मनीतल्या ड्रेस्डेनहून तो पेपर आला. लेखक ग्रेगोर वोलेन्साक, एबरहार्ड श्पोर्ल आणि तेच टेओ सायलर. २२ रुग्णांचे २३ डोळे, म्हणजे नमुना अगदी लहान. कल्पना अशी की पडद्यातले कोलॅजनचे धागे एकमेकांना जास्त ठिकाणी बांधले तर पडदा कडक होईल आणि फुगणं थांबेल. त्यासाठी रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, थेंबांनी पडद्यात मुरवायचं आणि वरून ३७० नॅनोमीटरचे अतिनील किरण सोडायचे. तीव्रता ३ मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर, वेळ ३० मिनिटं. गुणाकार करून बघा: ३ मिलिवॅट गुणिले १,८०० सेकंद म्हणजे ५.४ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. हीच प्रसिद्ध ‘ड्रेस्डेन पद्धत’. पडदा किमान ४०० मायक्रॉन जाड असावा अशी अट, नाहीतर किरण आतल्या नाजूक पेशींपर्यंत पोचतात.

त्या सगळ्या डोळ्यांत वाढ थांबली. उपचाराला नाव मिळालं क्रॉस-लिंकिंग. अमेरिकेच्या एफडीएची मान्यता मात्र एप्रिल २०१६ मध्ये मिळाली, म्हणजे १३ वर्षांनी. २२ रुग्ण, तेही यादृच्छिक विभागणीशिवाय, एवढ्यावर जग थांबत नसतं. पुढे ब्रिटनमध्ये १० ते १६ वयाच्या ६० मुलांवर चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी करून चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. १८ महिन्यांनी, क्रॉस-लिंकिंग झालेल्यांपैकी ७ टक्के मुलांचा आजार वाढला होता, नेहमीची काळजी घेतलेल्यांपैकी ४३ टक्के मुलांचा.

क्रॉस-लिंकिंगने चष्मा जात नाही आणि गेलेली नजर सहसा परत येत नाही. आहे तिथे आजार थांबवणं हे त्याचं काम. म्हणूनच तो कधी केला याला सगळं महत्त्व आहे. वीस टक्के बिघडलेला डोळा थांबवला तर मुलगा चष्म्यावर शिकेल, गाडी चालवेल. पडदा फार पातळ झाल्यावर आला तर ४०० मायक्रॉनची अट आडवी येते. अम्सलर यांची १९३८ ची सूक्ष्म नोंद ६५ वर्षांनी रुग्णाच्या कामी आली ती अशी.

आता पुन्हा आकडे

हा इतिहास डोक्यात ठेवून पुढचे आकडे वाचा. अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत १९३५ ते १९८२ अशा ४८ वर्षांच्या दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या, निष्कर्ष १९८६ मध्ये आले. लाखात ५४.५ रुग्ण. नेदरलँड्समध्ये आरोग्य विम्याच्या नोंदींवरून २०१७ मध्ये आकडा आला लाखात २६५. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे वीस वर्षांच्या तरुणांचे शाइमफ्लुग कॅमेऱ्याने नकाशे काढले, २०२० मध्ये प्रकाशित आकडा १.२ टक्के, म्हणजे लाखात १,२००. आणि आपल्या आठ गावांत, ४८ डायॉप्टरच्या रेघेने, लाखात २,३००.

घाईत वाचणारा म्हणेल की आजार चाळीस पट वाढला, किंवा भारतीयांना तो अमेरिकनांच्या चाळीस पट होतो. यातलं एकही विधान या आकड्यांवरून करता येत नाही. ओल्मस्टेडमध्ये मोजले गेले ते दवाखान्यात आलेले आणि ओळखले गेलेले लोक. नेदरलँड्समध्येही तसंच, पण टोपोग्राफीच्या काळातले. पर्थमध्ये त्रास नसलेल्यांचीही तपासणी झाली. नागपूरला सगळ्या गावाची, पण केराटोमीटरने, आणि तिशीच्या पुढच्यांची. जो आजार पंधराव्या-सोळाव्या वर्षी सुरू होतो तो तिशीनंतर मोजला तर साचलेले रुग्ण मिळतात, नवे मिळत नाहीत.

दक्षिण आशियाई लोकांत तो जास्त असावा असं मानायला मात्र वेगळा आधार आहे. इंग्लंडमधल्या लेस्टर इथे २००० साली प्रकाशित झालेल्या अभ्यासात तिथल्या दक्षिण आशियाई मूळ असलेल्या लोकांत नवे रुग्ण गोऱ्यांच्या ४.४ पट दिसले, आणि ते कमी वयात आले. इथे शहर एक, दवाखाना एक, यंत्रं तीच, म्हणून तुलना जास्त भरवशाची. तरी प्रश्न उरतो की दवाखान्यात कोण येतं. तो प्रश्न प्रत्येक दवाखान्याच्या नोंदीला विचारायचा असतो.

हेच देवळाली प्रवऱ्यात करायचं ठरवलं तर

देवळाली म्हटलं की बाहेरच्यांना नाशिकचा कॅम्प आठवतो. मी म्हणते ते राहुरी तालुक्यातलं, उसाचं आणि कांद्याचं. हिशेबाला सोपं जावं म्हणून १०,००० लोकवस्ती धरू. ओल्मस्टेडच्या दराने इथे ५ रुग्ण निघतील, नेदरलँड्सच्या दराने २६-२७, नागपूरच्या तीन रेघांनी २३०, ६० किंवा १०. वयोगट वेगळे असल्यामुळे हे आकडे खरे धरू नका, पण अंतर बघा. पाच रुग्ण म्हणजे ‘आपल्याकडे हा आजार नाही’ असं म्हणून विषय संपतो. दोनशेतीस म्हणजे तालुक्याला यंत्र मागावं लागतं. कोणता आकडा पुढे ठेवायचा यावर कोणाला तपासायचं हे ठरतं, म्हणून ही चर्चा नुसती परिभाषेची राहत नाही.

सध्या अशा गावात काय होतं, ते क्रमाने बघा. अकरावीतल्या मुलाला फळा पुसट दिसतो. तो चष्म्याच्या दुकानात जातो, ऑटोरिफ्रॅक्टोमीटरवर हनुवटी ठेवतो, सिलिंडर नंबर निघतो. सहा-आठ महिन्यांनी पुन्हा नंबर वाढतो. घरचे म्हणतात मोबाईल बघतोस. उन्हाळ्यात, धुळीत, ऊसतोडीच्या दिवसांत डोळे खाजतात, तो चोळतो. शाळेतला तपासणीचा तक्ता तो नव्या चष्म्याने वाचून दाखवतो, म्हणून तिथेही सुटतो. या साखळीत कोणाचा दोष शोधायला गेलात तर सापडणार नाही. यातलं एकही साधन हा आजार शोधायला बनलेलं नाही.

महागडा कॅमेरा गावोगाव ठेवता येणार नाही. पण रेटिनोस्कोप नावाचं हातात मावणारं साधन आहे. डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवली की केराटोकोनसमध्ये परावर्तित उजेड कात्रीच्या पात्यांसारखा उघडतो-मिटतो. हे बघायला यंत्रापेक्षा सराव जास्त लागतो. ज्यांना पाहणीचा आराखडा लिहायचा असेल त्यांनी दोन टप्प्यांचा विचार करावा: पहिल्या टप्प्यात रेटिनोस्कोप आणि प्रश्न, दुसऱ्यात संशयितांना मोठ्या शहरात नेऊन नकाशा. वयोगट १२ ते २५ ठेवा, तिशीच्या पुढे जाऊ नका. पहिल्या टप्प्यात किती खरे रुग्ण सुटतात हे बघायला, संशय नसलेल्यांपैकीही काहींचा नकाशा काढा. हा शेवटचा भाग बहुतेक आराखड्यांत राहून जातो.

आणि तुमच्या घरात, वर्गात कोणी असेल तर एवढं लक्षात ठेवा. सिलिंडर नंबर वर्षभरात पुन्हा पुन्हा बदलतो, चष्मा लावूनही अक्षराला सावली राहते, एक डोळा दुसऱ्यापेक्षा फार वेगळा आहे, सतत डोळे चोळायची सवय आहे, किंवा घरात कोणाला केराटोकोनस आहे, यातलं काही असेल तर नेत्रतज्ज्ञाला ‘कॉर्नियाची टोपोग्राफी करायला हवी का’ असं स्पष्ट विचारा. निघण्याआधी त्या दवाखान्यात यंत्र आणि कॉर्नियाचे तज्ज्ञ आहेत का हे फोन करून बघा, म्हणजे एक खेप वाचेल. पहिला नकाशा जपून ठेवा. आजार वाढतोय की थांबलाय हे दोन नकाशांच्या तुलनेतून ठरतं आणि क्रॉस-लिंकिंगचा निर्णय बहुधा त्यावरच होतो. निदान झालं तर पायऱ्या साधारण अशा: चोळणं बंद आणि ॲलर्जीवर औषध, ठराविक महिन्यांनी तपासणी, वाढत असेल तर क्रॉस-लिंकिंग, नजरेसाठी चष्मा किंवा कडक लेन्स, आणि अगदी पुढे गेला तरच प्रत्यारोपण. उपचार मात्र तुमचे डॉक्टरच ठरवतील, मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी आहे.

तुमच्या वहीसाठी

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर एखादा ठळक आकडा असेलच, ‘इतके टक्के लोकांना अमुक’ असा. मूळ पेपर उघडा आणि त्या आकड्यापुढे चार गोष्टी लिहा: कशाने मोजलं, रेघ कुठे आखली, कोणाला मोजलं, कोण सुटलं. लेखकांनी रेघ सरकवून दुसरे आकडेही दिले असतील तर तेही लिहा. नागपूरच्या लेखात ते एका वाक्यात दिलेले आहेत, आणि ते वाक्य वाचणाऱ्याला २.३ टक्के हा आकडा एकटा कधीच लिहिता येणार नाही. चारपैकी एखादी गोष्ट पेपरमध्ये सापडली नाही तर तसं लिहून ठेवा. गाईडसमोर बसाल तेव्हा पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येईल.